उद्यमबागच्या मागचं बिनबोर्डाचं गॅरेज आणि आमच्या आज्जाची महिंद्रा

पहिल्यांदा मार्क सांगून टाकतो, कारण अर्धे लोक तेवढंच बघायला येतात. इंजिन, गिअर आणि ब्रेकला पाचात पाच. रंगाला तीन. वायरिंगला दोन, ते पण हात आखडून. सांगितलेली तारीख पाळण्याला शून्य, आणि त्याच्या खाली काही देता येत असतं तर ते दिलं असतं. तरी पण पुढच्या वेळी गाडी तिथंच नेणार, का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

गॅरेजला बोर्ड नाही. त्यामुळं नाव काय लिहू? बोर्ड नाही म्हणजे बोर्ड कानडीत की मराठीत ही कटकट पण नाही, आपल्या बेळगावात हा एक फायदाच म्हणायचा. तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडनं उद्यमबागेत शिरायचं, मग मागच्या बाजूच्या कुठल्याही लेथवाल्याला "जुन्या जीपचे मामा कुठं?" विचारायचं, तो हात न धुताच बोट दाखवतो. पत्र्याचं शेड, पुढं चिंचेचं झाड, झाडाखाली कायम दोन-तीन बोनेट उघड्या गाड्या, त्यातली एक तरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हापासून आजपर्यंत तिथंच आहे. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आता गाडीबद्दल. आमच्याकडं आज्जानं १९७२ साली घेतलेली महिंद्राची पिकअप आहे, एफसी. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे नाक नाही, तोंड चपटं, ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधी डब्यात. मूळची अमेरिकेतल्या विलिज कंपनीची गाडी, तिकडं १९५६ च्या शेवटी आली आणि १९६५ ला बंद पण झाली, महिंद्रानं इथं पुढं बरीच वर्षं बनवली. आमच्या गाडीच्या नंबरात अजून एमवाय आहे, म्हणजे मैसूर राज्य, कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला पडलं त्याच्या आधीची गाडी. राज्याचं नाव बदललं, गावाचं नाव बेळगावचं बेळगावी झालं २०१४ ला, गाडी तीच.

आज्जा तिच्यातनं उचगाव बाजूची रताळी आणि बटाटा रविवार पेठेत आणायचा. बाबांनी नंतर खताची पोती वाहिली. मग टेम्पो आला आणि ही गोठ्याच्या मागं गेली ती १९ वर्षं तिथंच. मी ती बाहेर काढायची ठरवली तेव्हा सीटच्या स्प्रिंगमधी कोंबडीनं अंडी घातलेली आणि एअर क्लीनरमधी उंदरानं संसार मांडलेला. आई म्हणाली भंगारवाल्याला दे, कोपरा तरी मोकळा होईल. बाबा काहीच बोलले नाहीत, पण संध्याकाळी गुपचूप जाऊन दाराची धूळ पुसून आले, ते मी बघितलं.

आधी मी शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या ऑफिसवाल्या गॅरेजात गेलतो, नाव घेत नाही. तिथल्या माणसानं गाडी न बघताच फोटोवरनं सांगितलं, पेट्रोल इंजिन काढून फेकायचं, डिझेल इंजिन बसवायचं, पॉवर स्टिअरिंग टाकायचं, मोठे टायर टाकायचे, एकदम लुक येतंय बघा. दहा हजार ॲडव्हान्स घेतला. पुढं दीड महिना फोन उचलला नाही, आणि उचलला तेव्हा म्हणाला डिझेल इंजिनचा रेट वाढलाय. पैसे परत मिळवायला अजून दोन महिने. ते असो.

बिनबोर्डाच्या मामांकडं एका खताच्या गिऱ्हाईकानं पाठवलं. मामा साठीच्या पुढचे, चष्म्याची एक काडी वायरनं बांधलेली, बोलणं निम्मं मराठी निम्मं आपली दखनी हिंदी आणि शिव्या फक्त कानडीत. मी फोटो दाखवायला मोबाईल काढला तर म्हणाले, "फोटोचा वास येत नाही सावकार, गाडी कुठं आहे?" आणि त्याच आठवड्यात स्कूटरवरनं गावात आले. ही गोष्ट मला पहिल्यांदा आवडली. कुठला मिस्त्री आज गोठ्यात येऊन गाडीखाली आडवा होतोय?

अर्धा तास नुसतं बघितलं. चासीला हातोडीनं टक टक करत पुढनं मागं गेले, आवाज बसका आला तिथं खडूनं फुली मारली, सगळ्या मिळून पाच फुल्या. डिपस्टिक काढून ऑइल बोटांवर चोळलं, नाकाला लावलं. पाणी नाही म्हणाले, म्हणजे ब्लॉकला आशा आहे. मी विचारलं डिझेल बसवूया का, तर माझ्याकडं असं बघितलं जसं काय मी आज्जाचं लग्न दुसरीकडं लावायची गोष्ट काढलीय. म्हणाले, "हे हरिकेन इंजिन आहे. याचं सगळं सामान जुन्या जीपचं आहे. मरत नाही हे, झोपतंय."

खरंच आहे ते. चार सिलिंडर, २१९९ सीसी, कागदावर ७२ हॉर्सपॉवर, हेच इंजिन विलिजच्या सीजे-३बी आणि सीजे-५ जीपला होतं, त्यामुळं पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट आजही दिल्लीच्या जीप पार्टवाल्यांकडं मिळतंय. गाडी दुर्मिळ, इंजिन दुर्मिळ नाही. उलट काचेचं रबर, दाराचं हँडल, मीटरची काच असल्या फालतू दिसणाऱ्या वस्तूंसाठी जीव जातोय. जुनी गाडी काढायचा विचार असेल तर आधी हँडल-काचा आहेत का बघा, इंजिनचं नंतर.

आता इंजिन उघडायची गोष्ट, हीच खरी सांगायची आहे. इंजिन पूर्ण जाम होतं. मामांनी चारही प्लग काढून भोकातनं रॉकेल आणि ऑइल मिक्स करून ओतलं आणि म्हणाले आठ दिवस कुणी हात लावायचा नाही. मी चौथ्या दिवशी गेलो तर हाकलून लावलं. नवव्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना, पान्याला पाच फुटी पाईप, आणि मामांनी गॅरेजातल्या पोराला ढकलून स्वतः पाईप धरला. जोर लावला नाही, नुसतं वजन टाकलं आणि सोडलं, टाकलं आणि सोडलं, उलट बाजूला, परत सुलट बाजूला. दहा मिनिटं काहीच नाही. मग एकदा 'कट्' असा बारीक आवाज आला आणि पाईप चार बोटं खाली गेला. मामा थांबले, पोराला म्हणाले चहा सांग. त्या दिवशी त्याच्या पुढं कामच केलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याच जोशात फिरवून रिंगा तोडल्या असत्या, हे मला नंतर दुसऱ्या एका लेथवाल्यानं सांगितलं.

इंजिन फिरायला लागल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधी दाब किती धरतोय ते बघितलं, तर तीन नंबरला शून्य. मला वाटलं पिस्टन गेला. मामांनी इंजिनच्या बाजूचं कव्हर उघडलं. या इंजिनची गंमत अशी की इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमधी असतंय आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमधी, कंपनीची भाषा एफ-हेड. तर तीन नंबरचं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गंज धरून गाईडमधी वरच अडकलेलं, बंदच व्हायला तयार नाही. हेड उतरवलं, व्हॉल्व्हवर थोडं रॉकेल, लाकडी दांड्यानं हळू टिचकी, परत रॉकेल, परत टिचकी, जवळजवळ दुपारभर. संध्याकाळी ते व्हॉल्व्ह वरखाली व्हायला लागलं तेव्हा मला म्हणाले बोट लावून बघा. मी लावलं. गुळगुळीत.

पण सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख अडकत होतं, म्हणजे घासून कडा पडलेली. मामा म्हणाले रिंगा टाकून चालवता येईल, वर्षभर जाईल, मग परत याल. नाहीतर रीबोर करा, म्हणजे सिलिंडर आतनं कापून जरा मोठा करायचा. मला हा पण गुण आवडला, दोन्ही रस्ते सांगतात आणि दोन्हीचे पैसे सांगतात. रीबोर केलं, तीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बोरिंग उद्यमबागेतच झालं, क्रँक ग्राइंडिंग पण तिथंच. बेळगावचं हे एक बरं आहे, गाव फाउंड्रीचं आणि मशीन शॉपचं असल्यामुळं कोल्हापूर-हुबळीला पळायला लागत नाही, पाचशे मीटरमधी दहा लेथ आणि प्रत्येक लेथवाला दुसऱ्याला नावं ठेवणारा. टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवताना, मामांनी मला फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हातात दिलं, इनटेकला अठरा थाऊ, एक्झॉस्टला सोळा, इंजिन थंड असताना. पट्टी ओढताना किती अडली पाहिजे ते सांगायला म्हणाले, "बायकोनं पदर ओढला तर जेवढं अडतंय तेवढं." बायकोला घरी जाऊन सांगितलं तर ती म्हणाली मिस्त्रीला सांगा मी ड्रेस घालते.

ब्रेकची गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे, कारण इथं हयगय करणारे लई बघितलेत. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, मास्टर सिलिंडर एकच, म्हणजे एका चाकाला जरी ऑइल गळलं तरी चारही ब्रेक गेले. आमच्या व्हील सिलिंडरच्या, म्हणजे प्रत्येक चाकात ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या, आत गंजाचे खड्डे पडलेले. नवीन शोधत बसलो असतो तर अजून सहा महिने. मामांनी सिलिंडर आतनं कापून पितळी स्लीव्ह बसवायला एका लेथवाल्या चाचांकडं पाठवले. चाचांनी पहिली स्लीव्ह बसवली, मामांनी रबरी कप आत सरकवला, प्रकाशाकडं धरून बघितलं आणि परत दिली. दुसरी पण परत. तिसऱ्या वेळी चाचा स्वतः सायकल घेऊन आले आणि दोघं अर्धा तास चिंचेखाली एका अंगठ्याएवढ्या सिलिंडरवरनं भांडले. मी मधी बोललो, चालंल की मामा. मामा म्हणाले, "गाडी तुमची आहे, समोरनं येणारं पोरगं कुणाचं आहे?" मी गप्प. तिसरी स्लीव्ह बसली ती अजून एक थेंब गळत नाही.

पेट्रोलच्या लाईनबद्दल पण सांगतो, जुनी गाडी असणाऱ्यांनी हे वाचा. आता पंपावर जे पेट्रोल मिळतंय त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या गाड्यांची रबरी नळी, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर हे इथेनॉलसाठी बनलेले नाहीत, ते फुगतात, मऊ पडतात, मग नळीला चीर जाते. आमच्या गाडीत तर इंजिन माणसाच्या मांडीला लागून, तिथं पेट्रोल गळलं तर काय होईल कळतंय न्हवं? मामांनी सगळ्या नळ्या बदलून व्हायटॉनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाकल्या, पंपाला नवीन पडदा, आणि सांगितलं की गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय आणि टाकीत गंज परत सुरू होतोय. मजा अशी की आपल्याच जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, आपल्याच उसाचं इथेनॉल, आणि आपल्याच आज्जाच्या गाडीची नळी खातंय. टाकी साफ करायला आत मूठभर नट टाकून दोन पोरं पाळण्यासारखी हलवत होती, त्या आवाजानं शेजारच्या शेडमधला माणूस भांडायला आलता.

आता तक्रारी, भरपूर आहेत.

मामांनी गाडी घेताना सांगितलं, "दोन महिने, जास्तीत जास्त गणपती." गणपती गेले. दसरा गेला, आम्ही खंडेनवमीला गॅरेजात जाऊन सुट्या इंजिनला हार घातला. दिवाळी, संक्रांत, पाडवा. पुढचे गणपती पण आले. एकूण १४ महिने. त्यातले तीन महिने दिल्लीहून आलेल्या रिंगा चुकीच्या साईजच्या निघाल्या म्हणून, ते मामांच्या हातात नव्हतं, मान्य. पण राहिलेल्या अकरा महिन्यांचं काय? फोन केला की "सावकार, तुमच्याच गाडीखाली हाय बघा आत्ता," आणि मागनं ट्रॅक्टरचा आवाज. एकदा मी न सांगता गेलो तर आमच्या केबिनवर गॅरेजातल्या पोरांचे डबे आणि शर्ट वाळत घातलेले. तिथं भांडलो मी. मामा ऐकून घेतात, मान हलवतात, चहा पाजतात, आणि काहीही फरक पडत नाही. गाडी टाकायची तर दर आठवड्याला जायला लागतंय, समोर उभं राहिलं की काम होतंय, हा तिथला नियम. सोमवारी बंद असतंय, बाकी दिवशी दहाच्या आधी जाऊ नका.

वायरिंग मामा स्वतः करत नाहीत, एक पोरगा येतो. पोरगा चांगला आहे पण कानात कायम हेडफोन. पहिल्या दिवशी डावा इंडिकेटर लावला की वायपर हलायचा. नीट केलं तर ब्रेक मारला की हेडलाईट मंद व्हायची. अर्थिंग नीट नाही एवढं मला पण कळत होतं, केबिनला नवीन रंग मारल्यावर अर्थच्या जागेचा रंग खरवडायला नको का? ते मी घरी पॉलिश पेपर घेऊन स्वतः केलं आणि निम्मे आजार गेले. मला न विचारता डायनामो काढून अल्टरनेटर बसवलं ते वेगळंच. चार्जिंग उत्तम होतंय, नाही म्हणत नाही, पण विचारायला पाहिजे होतं. डायनामो मी पोत्यात बांधून घरी आणून ठेवलाय.

रंग. दाराचं रबर काढल्यावर आत मूळ रंग सापडला, राखाडीत हिरवट, भिजलेल्या पाटीसारखा. पेंटर अण्णांनी तो हुबेहूब मिळवला, त्यांना सलाम. पण मारताना घाई केली, बहुतेक पावसाच्या दिवसात मारला, दारावर हात फिरवला तर दाणे लागतात. आणि डाव्या बाजूला खालच्या पत्र्यावर फ्रिजवरचा लोहचुंबक लावून बघितला तर चिकटतच नाही, म्हणजे आत पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. पत्रा कापून नवीन टाकायचे पैसे घेतले होते. हे मामांना सांगितलं तर ते अण्णांवर चिडले, अण्णा कानडीत काहीतरी बोलले, आणि शेवटी दीड हजार कमी केले. ती बाजू दोन पावसाळ्यांत फुगणार हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

खर्च विचारणार सगळे. इंजिनचं सामान, बोरिंग, क्रँक, गॅस्केट मिळून ६४ हजार. मामांची मजुरी ४५ हजार, आणि १४ महिन्यांत त्यांनी ती एक रुपयानं वाढवली नाही, हे पण लिहायलाच पाहिजे. पत्रा-रंग ५८ हजार, टायर २६, ब्रेक आणि क्लच १७, रेडिएटर, टाकी, वायरिंग, रेक्झिन असलं बारीकसारीक धरून टोटल दोन लाख चाळीसच्या आसपास. बिल म्हणजे वहीचं पान, पण प्रत्येक वस्तूची पावती पिशवीत आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात परत. जीएसटी बिल पाहिजे असेल तर दुसरीकडं जा.

चालवायला कशी आहे? पहिला गिअर सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत दात आपोआप जुळत नाहीत, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, नाहीतर आख्ख्या गल्लीला कळतंय. वळताना चाक आपल्या बुडाखाली असल्यामुळं कोपरा पुढं गेल्यावर स्टिअरिंग फिरवायला लागतंय, पहिल्या दिवशी मी गोठ्याची भिंतच खाल्ली असती. मोकळी असली की मागनं हलकी, ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक नाचतंय, म्हणून मी हौद्यात कायम दोन वाळूची पोती ठेवतो. ॲव्हरेज सात. बेळगावच्या खड्ड्यांत हाडं मोजून घ्यायची असतील तर बसा. आणि उन्हाळ्यात इंजिनच्या डब्यावर पाय टेकला तर चप्पल मऊ होतीय.

ट्रायलला येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेली. मामा बाजूला, मधी इंजिन, पलीकडं मी. चढावर दुसऱ्या गिअरला आवाज जरा बदलला की मामा डब्यावर तळहात ठेवायचे, डॉक्टर पोटावर ठेवतोय तसं. अर्ध्या चढावर म्हणाले थांबवा. मला वाटलं झालं, गेली. उतरून त्यांनी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगला ठिणगी वाटणारा भाग, दोन बोटांनी केसभर फिरवला, परत बसले, आणि गाडी जी उचलली ती चढ संपेपर्यंत तापली पण नाही. खाली बघत म्हणाले आता कुंदा पाहिजे, आपली बेळगावची मिठाई. परत येताना शहापुरातनं अर्धा किलो कुंदा घेतला, त्यातला निम्मा त्यांनी गाडीतच संपवला आणि हात माझ्या नवीन रेक्झिनला पुसले.

कागदांचं. केंद्राचा २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम आहे, पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झाली असतील, गाडी खासगी वापराची असेल आणि मूळ रूपात असेल तर विंटेज म्हणून नोंद होते. फी २० हजार, नोंद १० वर्षांची, नंतर परत करायला ५ हजार. पण मग रोजच्या वापराला आणि धंद्याला चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्याच कामाला. काचेच्या ऑफिसवाल्याचं ऐकून डिझेल आणि पॉवर स्टिअरिंग टाकलं असतं तर 'मूळ रूपात' हे दोन शब्द कुठल्या तोंडानं लिहिले असते? अल्टरनेटरची भानगड पण त्यासाठीच मनाला लागलीय, पोत्यातला डायनामो परत चढवणार. मी अजून अर्ज केला नाही. बाबांचा जीव अडकलाय, त्यांना वर्षातनं एकदा तरी हिच्यातनं रताळी न्यायची आहेत.

तर कुणी जावं? ज्याच्याकडं जुनी जीप, पेट्रोल महिंद्रा, असलं काही आहे, ज्याला घाई नाही आणि ज्याला गॅरेजात जाऊन बसायला आवडतंय त्यानं डोळे झाकून जावं. इंजिन, ब्रेक, गिअर मामांकडं द्या, वायरिंग दुसऱ्याकडनं करून घ्या, रंग मार्चच्या आधी उरकून घ्या आणि जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. लग्नाच्या वरातीला गाडी पाहिजे म्हणून तारीख धरून कुणी जाणार असेल तर लग्न पुढं ढकला.

एक राहिलंच. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावरच असतो, टाकी रिकामी असली तरी. तीनदा सांगितलं, तीनदा "उद्या बघतो." शेवटी बाबांनी आज्जाची जुनी वेताची काठी शोधून काढली, तिच्यावर आज्जानं चाकूनं पाडलेल्या खाचा अजून आहेत, एक खाच म्हणजे पाच लिटर. काल टाकून बघितली, दीड खाच भरली.